लेकराचा राग, ताईचा धीर

लातूर आणि नांदेड ही नावे काढली की महाराष्ट्रातल्या पालकांना बारावी आठवते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाची जी घडी बसवली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. हेच वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आज ‘नीट’च्या तयारीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतली पोरे या दोन शहरांत खोली करून राहतात.

या पोरांना जीवशास्त्र शिकवायला शिकवण्या आहेत. चाचणीत गुण पडले नाहीत म्हणून खचून न जाता दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडायचे, खोलीतल्या जोडीदाराशी जुळवून घ्यायचे, जड जातेय हे आईला फोनवर मोकळेपणाने सांगायचे, याची शिकवणी कुठेच लागत नाही. हे बळ सतराव्या वर्षी अचानक येत नाही. त्याची सुरुवात तेरा-चौदा वर्षे आधी झालेली असते: घरात, आणि गावातल्या अंगणवाडीच्या एका खोलीत. त्या खोलीत वीस-पंचवीस लेकरांमध्ये बसलेल्या ताईला या कामासाठी काय यायला हवे आणि ते तिला कसे शिकवता येईल, हा या प्रकरणाचा विषय आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. भावना सांभाळण्याचे शिक्षण लेकरांना वेगळ्या तासाला देता येत नाही. ताई दिवसभर जशी वागते, तेच ते शिक्षण असते. म्हणून ताईचे प्रशिक्षणही वागण्याचेच असले पाहिजे.

तीन ते सहा या वयात काय घडते

समजा, अंगणवाडीत प्लॅस्टिकचा एकच ट्रॅक्टर आहे आणि तो दोघांना हवा आहे. एकाने ओढला, दुसऱ्याने चावा घेतला. मोठ्यांना हा वांडपणा वाटतो. मेंदूच्या अंगाने पाहिले तर यात विशेष काही नाही. राग, भीती, हवेपणा उसळवणारी यंत्रणा लेकरू जन्मतःच घेऊन येते. त्या उसळीला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र सावकाश तयार होतो आणि विशी उलटेपर्यंत पक्का होत राहतो. चार वर्षांच्या लेकराला राग येतो तो पूर्ण ताकदीने. तो आवरण्याची ताकद त्याच्याकडे अजून आलेली नसते. ती त्याला जवळच्या मोठ्या माणसाकडून उसनी घ्यावी लागते. मोठे माणूस शांत राहिले तर लेकराचे अंग सैल पडते, श्वास जागेवर येतो. असे शेकडो वेळा घडले की लेकरू हळूहळू ते आपले आपण करू लागते. मोठे माणूस ओरडले, तर एका भडक्याशेजारी दुसरा भडका उठतो आणि शिकणे तिथेच थांबते.

या वयात चार गोष्टी रुजतात. आपल्याला काय होतेय ते ओळखणे आणि त्याला नाव देणे. उसळी आवरणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ताडणे. आणि तंटा झाला तर मारामारीवाचून वाट काढणे. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २० ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झाला. त्यात शारीरिक, बौद्धिक आणि भाषिक विकासाच्या बरोबरीने सामाजिक, भावनिक आणि नैतिक विकासाला स्वतंत्र स्थान दिले आहे. अक्षरे आणि आकडे यांच्या पंगतीला ही गोष्ट आता अधिकृतपणे येऊन बसली आहे.

धीर धरायला लेकरू कधी शिकते, याचे फार बोलके उत्तर अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या एका प्रयोगातून मिळते. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रकलेचे साधे सामान दिले आणि सांगितले, ‘थोडे थांब, मी याहून चांगले घेऊन येते.’ निम्म्या मुलांना तसे सामान खरेच आणून दिले. उरलेल्यांना मोठ्या माणसाने परत येऊन ‘नाहीये, चुकले माझे’ असे सांगितले. मग सगळ्यांपुढे एकेक गोड वडी ठेवली आणि न खाता थांबलास तर दुसरी मिळेल, असे सांगितले. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले होते, ती तीनच मिनिटे. धीर हा केवळ लेकराच्या अंगचा गुण नाही. मोठ्यांचा शब्द खरा असतो, या अनुभवावर तो उभा राहतो. ‘उद्या देते’ म्हणून उद्या विसरून जाणारी ताई नकळत अधीरपणा शिकवत असते. सांगितलेले आठवणीने करणारी ताई कुठलाही पाठ न घेता संयम शिकवते.

बोर्डी-कोसबाडची वाट

हे सगळे बाहेरून आलेले नवे खूळ नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. लेकराला मारायचे नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचे आमिषही दाखवायचे नाही, हा तिथला नेम होता. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला. दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची लेकरे बालवाडीत येत नव्हती. मग या दोघींनी बालवाडीच लेकरांच्या अंगणात नेली आणि तिला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढत गेले.

या कामातून शिक्षिकेने घ्यायचा पहिला धडा आजही तोच आहे. लेकरू येत नसेल, बोलत नसेल, ऐकत नसेल, तर आधी आपण त्याच्याकडे जायचे. बोर्डी-कोसबाडला हे काम गावातल्या बायकांना हाताशी धरून, त्यांना प्रत्यक्ष कामात तयार करत वाढले. मोठ्या पदव्यांची वाट कुणी पाहत बसले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा केंद्राला नाव मिळाले तेही अंगणवाडीच. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. नाव घरोघरी पोहोचले. ताराबाईंना अभिप्रेत असलेले बालशिक्षण मात्र पोषण आहार, लसीकरण, वजन-उंची आणि नोंदवह्या यांच्या गर्दीत बऱ्याच ठिकाणी मागे पडले.

इथली लेकरे काय घेऊन येतात

प्रशिक्षण सगळीकडे एकाच साच्याचे देऊन भागत नाही, हे मराठवाड्यात चटकन कळते. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातून, मुखेड, कंधार, जळकोट अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मग पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याचा रस्ता. शाळेत जाणाऱ्या भावंडांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय तरी असू शकते. तीन-चार वर्षांच्या लेकरासाठी ती नसते. ते आजीपाशी राहते, नाही तर आई-बापासोबत कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाते. आजीपाशी राहिलेले लेकरू चार-पाच महिने आईशिवाय काढते. कोपीवर गेलेले लेकरू उन्हाळ्यात परत येते तेव्हा अंगणवाडीतली जागा, सोबती, गाणी सगळेच त्याला परके झालेले असते. त्याचे गप्प राहणे किंवा सारखे अंगावर धावून जाणे याला ताईने खोडी म्हटले, तर त्या लेकराला पुन्हा एकदा घर सोडावे लागल्यासारखे होते.

भाषेचेही तसेच आहे. किनवट-माहूरच्या बाजूला गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-देवणी-निलंग्याकडे कन्नड, शहरांच्या मोहल्ल्यांत उर्दू. लेकरू ‘कमळ’ मराठीत म्हणायला लवकर शिकेल. पण पोटात दुखते, भीती वाटते, मला घरी जायचेय, हे ते आईच्याच बोलीत सांगणार. म्हणून अशा ठिकाणच्या ताईला घरच्या बोलीतली अडल्या वेळची दहा-बारा वाक्ये यायला हवीत आणि त्याच वस्तीतली मदतनीस असेल तर तिचा हा आधार मानाने घ्यायला हवा. प्रशिक्षणाला फक्त सेविकेला बोलवायचे आणि मदतनिसाला चुलीपाशी ठेवायचे, ही चूक आहे. पुष्कळ लेकरांना घरून कडेवर घेऊन येणारी, नाक पुसणारी, रडताना जवळ घेणारी तीच असते.

आणि संकटे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. याच संघटनेने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. जोडीने काम करणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणे अशा गोष्टी त्यात शिक्षकांना करून पाहायला शिकवल्या. तो प्राथमिक शाळेसाठी होता. त्याचे सूत्र मात्र अंगणवाडीलाही लागू पडते: मूल्य सांगून समजत नाही, रोजच्या व्यवहारात ते करावे लागते. भूकंप रोज होत नाही. पण दुष्काळ, बुडालेले पीक, कर्ज, घरातले अकाली मरण यांची झळ या भागातल्या लेकरांना लागत राहते, आणि घराबाहेर ती पहिल्यांदा ज्या मोठ्या माणसाच्या नजरेला पडू शकते, ती अंगणवाडीची ताई.

दिवसातल्या पाच वेळा

मग ताईला शिकवायचे काय? मानसशास्त्रातल्या व्याख्यांची तिला फारशी गरज नाही. अंगणवाडीच्या दिवसात पाच वेळा अशा येतात की त्या वेळी ताई काय करते, यावर बरेचसे अवलंबून असते.

पहिली वेळ येण्याची. नवे लेकरू आजीचा पदर सोडत नाही. सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे त्याला खेळण्यात गुंतवायचे आणि आजीने मागच्या मागे निघून जायचे. लेकरू वळून पाहते तर आजी नाही. त्या दिवसापासून ते पदर आणखी घट्ट धरते, कारण डोळा चुकला की माणूस जाते, हे त्याला कळलेले असते. यापेक्षा आजीने सांगून जावे आणि ताईनेही खरे सांगावे: “आजी आता शेताला चालली. खिचडी खाऊन झाली, की तुला न्यायला येती.” घड्याळ लेकराला कळत नाही, खिचडी कळते. ते रडेल, त्याला रडू द्यावे आणि जवळ बसावे. चार-आठ दिवसांत रडणे कमी होते, कारण सांगितल्याप्रमाणे आजी रोज येते.

दुसरी वेळ तंट्याची. तो ट्रॅक्टर पुन्हा समोर घेऊ. “भांडता का? आणा इकडं. आता कुणालाच नाय.” हे सोपे आहे आणि शांतताही लगेच होते. पण यातून लेकरे शिकतात ते एवढेच, की ज्याचा जोर जास्त त्याची वस्तू. तयार झालेली ताई काय करते ते पाहा. ती आधी खाली बसते, लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. उगारलेला हात अलगद धरते. “मारायचं नाय. हात लागला की दुखतंय.” मग एकाकडे वळते: “तुला राग आलाय. तुझ्या हातातून ओढला म्हणून ना?” लेकरू हुंदके देत मान हलवते. दुसऱ्याला विचारते: “आन् तुला लई वेळ मिळालाच नाय, आसंच ना?” दोघांचेही ऐकून झाल्यावर ती प्रश्न त्यांच्यापुढेच ठेवते: “ट्रॅक्टर एक, तुम्ही दोघं. आता काय करावं?” आणि गप्प बसते. हे गप्प बसणेच सगळ्यात अवघड असते. मोठ्या माणसाला पटकन निवाडा द्यायची सवय असते. थोडे थांबले, तर चार वर्षांचे लेकरू म्हणते, “ह्यानं माती भरावी, मी चालवतो.” एखादे वेळी नाही म्हणत, मग ताई दोन वाटा सुचवते आणि निवड त्यांच्यावर सोपवते. सगळा प्रकार चार-पाच मिनिटांचा. चावलेल्या हाताला पाणी लावायचे कामही चावणाऱ्यालाच देता येते. जबरदस्तीने म्हणायला लावलेल्या ‘सॉरी’पेक्षा त्याने जास्त कळते.

तिसरी वेळ जेवणाची. हात धुवायची ओळ, ताटली धरून थांबणे, सगळ्यांना वाढून होईपर्यंत सुरू न करणे, पाणी सांडले तर फडके आणणे. पाळी धरणे आणि दुसऱ्याचा विचार करणे याचा इतका नैसर्गिक सराव दुसरा नाही. लेकरे तोंडी घास घालताना मोकळी होऊन बोलतात, म्हणून या वेळी ताईने नोंदवही बाजूला ठेवून त्यांच्यात बसावे. कुणाच्या शेजारी कोण बसत नाही, जातीचा किंवा वस्तीचा दुरावा ताटापर्यंत आलाय का, हेही इथेच दिसते आणि इथेच मोडता येते.

चौथी वेळ गोष्टीची. काऊ-चिऊची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिमणीच्या दारात येऊन उभा राहतो. गोष्ट सांगून संपवली तर करमणूक झाली. तिथेच थांबून ‘बाहेर भिजताना कावळ्याला काय वाटलं असेल?’ असे विचारले, की लेकरे कावळ्याच्या जागी जाऊन उभी राहतात. ‘चिमणीनं दार लवकर का नाही उघडलं? तुम्ही काय केलं असतं?’ उत्तरे निरनिराळी येतात आणि ती सगळी ऐकून घ्यायची असतात. एक उत्तर बरोबर ठरवून टाळ्या वाजवल्या, की बाकीची लेकरे विचार करायचे सोडून ताईला काय हवे ते शोधू लागतात.

पाचवी वेळ मोकळ्या खेळाची. भातुकली, दुकान, एसटी. सोव्हिएत संशोधक मनुइलेंको यांनी १९४८ मध्ये एक प्रयोग नोंदवला. लहान मुलांना ‘न हलता उभे राहा’ असे सांगितले तर ती लवकरच चुळबुळ करू लागत. ‘तू पहारेकरी आहेस’ असे सांगून खेळात उभे केले, तर तीच मुले बरीच जास्त वेळ स्थिर राहत. भूमिका घेतली की लेकरू स्वतःवर ताबा मिळवते. कंडक्टर झालेले लेकरू सगळ्यांना तिकीट दिल्याशिवाय घंटी वाजवत नाही. कोपीवरून परत आलेले लेकरू काड्यांच्या मोळ्या बांधून खेळण्यातल्या ट्रॉलीत भरत असेल, तर त्याला थांबवू नये. जे सांगता येत नाही, ते खेळून बाहेर येत असते. ताईने शेजारी बसावे आणि ‘मी पण मोळी देऊ का?’ एवढेच विचारावे.

तीन दिवसांत किती होते

केंद्र सरकारने १० मे २०२३ रोजी ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात आधी पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकाऱ्यांसारख्या मुख्य प्रशिक्षकांना दोन दिवस आणि मग अंगणवाडी सेविकांना तीन दिवस प्रशिक्षण द्यायची आखणी आहे. रोज किमान दोन तास बालशिक्षण व्हावे, अशी अपेक्षा आहे. मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ आणि तीन वर्षांखालील बाळांसाठी ‘नवचेतना’ ही मार्गदर्शिका आली. महाराष्ट्रात ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रमही अंगणवाड्यांपर्यंत पोहोचलेला आहे. कागदावरचा पाया असा बऱ्यापैकी पक्का आहे.

तीन दिवसांत माहिती होते, सवय होत नाही. शिवाय वरून खाली येताना प्रशिक्षण पातळ होत जाते. दिल्लीत खेळून दाखवलेली गोष्ट तालुक्याच्या सभागृहात पडद्यावरच्या ओळी होऊन येते. ऐंशी बायका खुर्च्यांवर बसून ‘मुलांना बसवून ठेवू नका’ हे ऐकत असतील, तर त्या प्रशिक्षणाने आपलेच म्हणणे खोडून काढले. ताईने लेकराशी जसे वागावे असे वाटते, तसे प्रशिक्षकाने ताईशी वागायला हवे. गोलात बसावे, नावाने हाक मारावी, तिचे म्हणणे पुरते ऐकावे, ती चुकली तर चारचौघींत टोकू नये.

करून पाहण्याला पर्याय नाही. एका ताईने हट्ट धरलेले लेकरू व्हावे, दुसरीने ताई व्हावे, बाकीच्यांनी पाहावे. लेकरू झालेल्या ताईला शेवटी विचारावे, ‘ती वरून ओरडली तेव्हा काय वाटलं? खाली बसली तेव्हा?’ दोन्हीतला फरक एकदा स्वतःच्या अंगावर कळला, की व्याख्यान लागत नाही. त्यानंतर चालत्या अंगणवाडीत प्रात्यक्षिक व्हावे. मग पर्यवेक्षिकेची भेट. तिने त्या दिवशी रजिस्टर उघडण्याआधी अर्धा तास कोपऱ्यात बसून पाहावे आणि निघताना ताईला दोनच गोष्टी सांगाव्यात: आज काय छान जमले आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करून पाहायचे. शेवटी बीटची, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांची, मासिक बैठक. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात सेविकांसाठी २१ छोटे पाठ तयार केले होते आणि ते बैठकांतून एकेक करून शिकायचे होते. हीच रीत इथे चालवता येईल. एका महिन्यात फक्त ‘येण्याची वेळ’, पुढच्या महिन्यात फक्त ‘तंटा’. प्रत्येकीने आपल्याकडे घडलेला एक प्रसंग सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यावर विचार करायचा. वर्षभरात हे मुरते.

साध्या, गावातल्याच बायकांकडून हे होईल का, ही शंका घेणाऱ्यांसाठी जमैकाचे उदाहरण पुरेसे आहे. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ च्या सुमारास खुरटलेल्या १२९ बाळांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य सेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला, त्याचे कौतुक करायला शिकवत. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा या भेटी मिळालेल्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६०च्या दशकात पेरी बालवाडीच्या प्रयोगात १२३ मुले होती. तिथे बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली, तरी मोठेपणी नोकरी, कमाई, कायद्याने वागणे यांत बालवाडीत गेलेली मुले पुढे राहिली. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या आकड्यांचा कसून अभ्यास केला आणि या यशाचा मोठा वाटा वागण्यातल्या, स्वतःला आवरण्यातल्या गुणांना दिला.

ताईचेही मन आहे

दमलेल्या माणसाकडून कुणाला धीर उसना मिळत नाही. सेविकेला मानधन मिळते, पगार नाही. सकाळी लेकरे, मग ‘पोषण ट्रॅकर’वर नोंदी, गरोदर बायकांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, मधेच आलेले सर्वेक्षण. मोबाइलमध्ये डोके घातलेल्या ताईला कोपऱ्यात गप्प बसलेले लेकरू दिसत नाही, हा तिचा दोष म्हणता येणार नाही. तमिळनाडूत संशोधकांनी ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. निवडक केंद्रांत बालशिक्षणासाठी अर्धवेळची एक जादा बाई नेमली. तिथे शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांचे शिकणे सुधारले आणि मूळच्या सेविकेला मोकळा वेळ मिळाल्याने कुपोषणही कमी झाले. प्रशिक्षण द्यायचे आणि ते वापरायला वेळच ठेवायचा नाही, असे करून चालणार नाही. सकाळचे दोन तास नोंदी, फोन आणि सर्वेक्षण यांपासून राखून ठेवणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

ताईला स्वतःचे ओझे उतरवायला जागा हवी. बीटच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे माहिती मागण्यासाठी न वापरता ‘हा महिना कसा गेला’ हे ऐकायला दिली, तर त्याला खर्च शून्य आहे. ज्या बाईचे कुणी ऐकून घेतलेले असते, तिला दुसऱ्याचे ऐकणे सोपे जाते.

तिच्या कामाची हद्दही तिला सांगायला हवी. महिनोन्‌महिने न बोलणारे, नजर न मिळवणारे, स्वतःला इजा करून घेणारे लेकरू तिने एकटीने सावरायचे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. अशा लेकराचे नाव त्यांच्यापुढे ठेवायचे आणि आईला सोबत घेऊन पुढच्या तपासणीला पाठवायचे. ‘हट्टी’, ‘येडं’, ‘मारकुटं’ असे शिक्के मात्र कोणाच्याही नावापुढे लावायचे नाहीत, कारण लेकरू तो शिक्का खरा करून दाखवते.

घर, अंगणवाडी आणि पहिली

अंगणवाडीत न मारणे आणि घरी फोकाने मारणे, असे दोन कायदे असतील तर लेकरू गोंधळते. म्हणून प्रशिक्षणात आई-आजीशी बोलण्याचा भाग हवा. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात: एक एप्रिलमध्ये, एक जूनमध्ये. पहिलीत दाखल होणारे लेकरू एकेका टेबलापाशी जाते. शारीरिक, बौद्धिक, भाषा, गणन यांच्या बरोबर सामाजिक आणि भावनिक विकासाचेही एक टेबल असते. आईच्या हाती विकासपत्र मिळते आणि उन्हाळाभर मातांचे गट घरी सराव घेतात. ते टेबल म्हणजे ताईला आयती संधी आहे. लेकरू नवख्या माणसाशी बोलते का, आपल्याला काय आवडते ते सांगते का, हे आईच्या डोळ्यांदेखत पाहता येते आणि मग सांगता येते: ‘माय, अक्षर उद्या येईल. आज त्याला राग आला की आधी विचारा, काय झालं?’ आजीला उपदेश करायची गरज नसते. तिच्याकडच्या गोष्टी आणि जात्यावरची गाणी अंगणवाडीत बोलावली, की ती आपोआप या कामात सामील होते.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत हे घडवायला नवी इमारत लागत नाही, परदेशी संच लागत नाही. लागते ते असे: बीटच्या दर बैठकीत या विषयाला राखून ठेवलेला एक तास, पर्यवेक्षिकांच्या भरलेल्या जागा, मदतनिसांसह प्रशिक्षण, आणि सकाळच्या दोन तासांत ताईला दुसरे काम न सांगण्याची शिस्त. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्येच बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली का, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. शाळेच्या निकालाची चौकशी आपण दरवर्षी करतो. तेवढ्याच हक्काने विचारावे, की आमच्या ताईला यंदा काय शिकायला मिळाले, तिच्या अंगणवाडीत येऊन कोण बसले, आणि तिचे कोणी ऐकले का. हे प्रश्न जिथे विचारले जातील, तिथली लेकरे पहिलीच्या वर्गात न घाबरता पाऊल टाकतील.